मोदकाची पारी आणि मोटारीचा मडगार्ड

मे महिन्यातली दुपार. मुळशीतल्या चांद्याला एका मित्राची शेड आहे. वर पन्हळी पत्रा, आत भट्टीसारखी धग. दाराशी उंबर आहे आणि त्यावर तांबट पक्षी बसून टुक टुक टुक चालू आहे. आत मिस्त्री लाकडी मोगरीनं पत्रा ठोकतायत, त्यांचाही ठेका जवळजवळ तोच. भांडी घडवणाऱ्या तांबटाच्या हातोडीसारखा आवाज काढतो म्हणून त्या पक्ष्याला ते नाव मिळालं. त्या दुपारी मला ते पहिल्यांदा पटलं.

शेडच्या मधोमध १९३० च्या दशकातली एक फोर्ड उभी आहे. उभी म्हणजे विटांच्या चवड्यांवर. दारं शाबूत आहेत, बॉनेट आहे. पुढचा डावा मडगार्ड मात्र नावापुरता उरलाय, बोट लावलं की गंजाचे पापुद्रे गळतात. मित्राला तिचा खरं तर ‘हॉट रॉड’ करायचा होता. हे वेड अमेरिकेतलं, मुख्यतः कॅलिफोर्नियातलं. जुनी स्वस्त फोर्ड घ्यायची, वजन कमी करायला मडगार्ड, बंपर काढून फेकायचे, इंजिनाला जास्तीचं बळ द्यायचं आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात ती पळवायची. अशा शर्यतींसाठी तिथल्या क्लबांनी १९३७ साली संघटनाही काढली. १९३२ ची फोर्ड त्यांची विशेष लाडकी, कारण त्या वर्षी हेन्री फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं.

आपल्याकडे हा नाद कायद्यापाशी अडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरंही दिली. पण अट अशी की गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. म्हणजे हॉट रॉड केला की व्हिंटेज नाही, आणि व्हिंटेज हवी तर हॉट रॉड नाही. मित्रानं बराच काळ कुरकुर केली, मग मूळ रूपाकडे वळला. मला विचाराल तर बरंच झालं. मुळशीच्या पावसाळ्यात बिनमडगार्डाची गाडी चालवणारा माणूस घरी पोचेपर्यंत ओळखू येणार नाही.

तर मडगार्ड. बाजारात मिळत नाही, म्हणून हातानं घडवायचा. मिस्त्रींनी उजव्या, धडक्या मडगार्डवर ब्राऊन पेपर पसरला आणि मला म्हणाले, “दादा, बसवा बरं हा नीट.” मी बसवायला गेलो. मधोमध कागद छान टेकला, कडेला चुण्या पडल्या. चुण्या दाबून सपाट केल्या तर मधे फुगला. दहा मिनिटं झटलो. मिस्त्री शांतपणे तंबाखू मळत होते.

कागद न बसण्यात माझ्या हाताचा दोष नव्हता. तो बसणारच नाही, हे कार्ल फ्रीडरिख गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली सिद्ध करून ठेवलंय. त्याच्या आधी काही वर्षं तो हॅनोव्हर राज्याची जमीनमोजणी करत होता. गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवायची, हा त्याच्या रोजच्या कामातला प्रश्न. त्यातून निघालेल्या प्रमेयाला त्यानं स्वतःच ‘विलक्षण प्रमेय’ म्हटलं. सांगायचं तर असं: पृष्ठभागावरच्या एखाद्या बिंदूपाशी ज्या दिशेला बाक सर्वांत जास्त त्या दिशेचा बाक आणि तिला काटकोनातल्या दिशेचा बाक यांचा गुणाकार करा. तो पृष्ठभाग ताणला नाही, आक्रसला नाही, फाडला नाही, तर कितीही वाकवला तरी हा गुणाकार बदलत नाही. पोळीची सुरळी केली तर एका दिशेला बाक येतो, पण लांबीच्या दिशेला ती सरळच राहते. गुणाकार शून्य. सपाट पोळीचाही शून्यच. म्हणून सुरळी सहज होते. चेंडूवर मात्र दोन्ही दिशांना बाक असतो, म्हणून तीच पोळी चेंडूवर न फाटता, न चुरगळता बसत नाही.

एकदा हे कळलं की रस्त्यावरची वाहनं वेगळी दिसू लागतात. एसटीची लाल गाडी आठवा. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत एसटी महामंडळ वर्षानुवर्षं बसच्या बॉड्या बांधत आलंय. त्या बसचा पत्रा सपाट असतो किंवा एकाच दिशेनं वळवलेला, सांगाड्यावर रिवेटांनी ठोकलेला. दोन्हीकडून गोल येतो तो फक्त टपाच्या कोपऱ्यांवर, आणि कसब लागतं ते तेवढ्याच जागी. जुन्या फोर्डचा मडगार्ड म्हणजे नुसता कोपराच आहे, पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत.

मग पत्रा गोल करायचा कसा? मला वाटलं मिस्त्री काही यंत्र दाखवतील. त्यांनी पत्र्याची कड पक्कडीनं पकडून तिला एक चुणी घातली. मग एक वाळूची पिशवी ओढली आणि पत्र्याच्या मधल्या भागावर मोगरीचे घाव घालू लागले. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या आईचे हात आले, उकडीचा मोदक वळताना. उकडीचा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्यानं मधे दाबायचा, पारी मधे पातळ होत खोलगट होते. मग कडेला बोटांच्या चिमटीनं कळ्या पाडायच्या आणि त्या एकत्र आणायच्या. मधे ताणायचं, कडेला गोळा करायचं. गाउसनं ठेवलेल्या दोनच पळवाटा या, आणि मोदक करणारा प्रत्येक हात त्या दोन्ही वापरतो.

पत्र्यात मात्र दोन्हींची किंमत मोजावी लागते. समजा अर्धगोल वाटी करायचीय. वाटीच्या तोंडाएवढीच चकती घेतली आणि कड पक्की धरून नुसती मधे ताणली, तर अर्धगोलाचं क्षेत्रफळ त्याच्या तोंडाच्या वर्तुळाच्या दुप्पट असल्यामुळे एक मिलिमीटरचा पत्रा सरासरी अर्ध्या मिलिमीटरचा होणार. तळाशी त्याहून पातळ, बहुधा फाटलेलाच. उलट, अजिबात न ताणता करायचं म्हटलं, तर चकती मोठी घ्यावी लागेल आणि तिची कड सुमारे ३६ टक्के आत गोळा करावी लागेल. तेवढ्या चुण्या लोखंडात जिरवायच्या म्हणजे घाम निघतो. म्हणून जाणता कारागीर दोन्ही थोडंथोडं करतो. कडेला घातलेली चुणी टोकाकडून ठोकून बंद करायची, म्हणजे ती उलगडून पळत नाही. जागच्या जागी दबते, आणि तिथला पत्रा जाड होतो. पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतले शेकडो टनी प्रेस हेच काम एका दणक्यात करतात. कड किती दाबून धरायची आणि किती आत सरकू द्यायची, यावरच तिथेही सगळं ठरतं. कमी दाबली तर चुण्या, जास्त दाबली तर फाटलेला पत्रा.

अर्ध्या तासानं मिस्त्रींनी मोगरी माझ्या हातात दिली. पहिले घाव छान बसले, पत्रा ऐकत होता. मग हळूहळू मोगरी उसळून परत येऊ लागली. आवाजही बदलला, ‘ठप्प’चा ‘टण्ण’ झाला. “रागावला,” मिस्त्री म्हणाले. “आता जबरदस्ती केली तर चिरणार.”

हा राग आपण सगळ्यांनी पाहिलाय. तार तोडायची असली की पुढेमागे वाकवतो. आधी ती मऊ असते, मग कडक होते, मग तुटते. पण का? धातूत अणू रांगेत बसलेले असतात. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञानं हिशेब केला की अख्खी रांगच्या रांग एकदम सरकवायला किती जोर लागेल. उत्तर आलं ते प्रत्यक्षाच्या शेकडो-हजारो पट जास्त. त्या हिशेबानं मोगरीनं पत्रा वाकायलाच नको होता. कोडं सुटलं १९३४ मध्ये, आणि एकाच वर्षी तिघा शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे सोडवलं: टेलर, ओरोवान आणि पोलान्यी. रांगा अखंड नसतात, त्यांत मधेच संपलेल्या अर्धवट रांगा असतात. मंगल कार्यालयातली लांबलचक सतरंजी अख्खी ओढायला चार माणसं लागतात, पण तिला एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पायानं पुढे ढकलत नेली तर एकटा माणूस सतरंजी सरकवतो. अर्धवट रांगेचं टोकही असंच पुढे सरकत जातं. धातूतल्या या सुरकुत्यांना शास्त्रज्ञ ‘डिस्लोकेशन’ म्हणतात. १९५६ साली केंब्रिजमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, त्या हलताना प्रत्यक्ष दिसल्या.

गंमत अशी की या सुरकुत्यांमुळेच धातू वाकतो आणि त्यांच्यामुळेच अडतो. प्रत्येक घावागणिक नव्या सुरकुत्या जन्माला येतात. नरम धातूच्या एक चौरस सेंटिमीटर छेदात त्या काही लाख ते काही कोटी असतात, भरपूर ठोकलेल्यात दहा हजार कोटींच्या घरात आणि पुढेही. मग त्यांची एकमेकींत अडकाअडकी होते. संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर जे होतं, तेच. गाड्या पुष्कळ, म्हणून कुणीच हलत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीनं या कोंडीचा पेशवाईपासून धंदा केलाय. तांब्याच्या बंबावर, हंड्यावर ओळीनं उमटलेले ते चकाकते ठोके म्हणजे मठारकाम. ते नुसत्या शोभेसाठी नसतं. घडवताना तापवून तापवून नरम पडलेलं भांडं शेवटी मठारलं की कडक होतं, चटकन पोचा येत नाही. तांबटाला सुरकुत्यांची संख्या ठाऊक नव्हती, पण कोंडी कधी करायची आणि कधी फोडायची ते पक्कं ठाऊक होतं.

कोंडी फोडायचा उपाय म्हणजे आग. धातू पुरेसा तापला की ठोकून विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे, नीट रांगांचे कण उगवतात आणि गुंता पुसला जातो. लोखंडाचा पत्रा लाल होतो, त्यामुळे अंदाज येतो. ॲल्युमिनियम मात्र फसवं. ते नरम होतं साडेतीनशे-चारशे अंशांना आणि वितळतं ६६० ला, आणि तोवर रंग बदलत नाही. लाल व्हायची वाट पाहणाऱ्याच्या पायाशी थारोळं जमतं. यावर गॅरेजमधली युक्ती मला फार आवडते. गॅसच्या ज्योतीत ऑक्सिजन कमी ठेवून पत्र्यावर आधी काजळी धरायची, मग ज्योत नीट करून तापवत जायचं. काजळी उडून गेली की थांबायचं. कुणी कपडे धुवायचा साबण चोळतात, तो तपकिरी-काळा पडला की पुरे. दहा रुपयांच्या साबणाचा तापमापक.

   

मडगार्डचा ढोबळ आकार आला तो तिसऱ्या दिवशी. पण अंगावर देवीचे व्रण असावेत तसा खड्ड्यांनी भरलेला. आता गुळगुळीत करण्याचं काम. आतून हातात मावणारा लोखंडी ठोकळा धरायचा, गॅरेजात त्याला डॉली म्हणतात, आणि बाहेरून चपट्या हातोडीनं टिपायचं. घाव नेमका डॉलीवर पडला तर पत्रा दोन लोखंडांत चेपतो, पातळ होतो, पसरतो. डॉलीच्या शेजारी पडला तर उंचवटा खाली जातो, शेजारचा खड्डा वर येतो आणि पत्रा फारसा पसरत नाही. घाव कुठे पडतो ते मिस्त्री बघत नव्हते, ऐकत होते. मधूनच मळका सुती रुमाल पत्र्यावर ठेवून वरून तळहात फिरवायचे आणि खडूनं एखादी जागा गोल करायचे. मला तिथे काहीही दिसत नव्हतं. २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवलं की माणसाचं बोट, पृष्ठभागावरून फिरवलं तर, अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या वळ्याही ओळखू शकतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही सुमारे हजारावा भाग. मिस्त्रींच्या खडूवर त्यानंतर मी शंका घेतली नाही.

शेवटी एक खोड उरली. मडगार्डच्या बाजूवर अंगठा दाबला की टक्, सोडला की टक्. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचं बूड वाजतं तसं. हे कशानं होतं? तिथला पत्रा जरा जास्त ठोकला गेला, पसरला, आणि आजूबाजूचा पत्रा त्याला जागा देईना, म्हणून तो एकदा बाहेर फुगतो, एकदा आत. मी कागदावर हिशेब मांडला. तीनशे मिलिमीटरच्या पट्ट्यात फक्त ०.२ मिलिमीटर लांबी जादा झाली तरी फुगा जवळजवळ पाच मिलिमीटर येतो. केसाच्या दोन-तीन जाडीएवढी चूक आणि करंगळीच्या अर्ध्या जाडीचा फुगा. अशा जागी सरळ पुट्टी भरून घासून टाकणारेही असतात. जुनी गाडी विकत घेणारे हुशार लोक म्हणूनच खिशात लोहचुंबक ठेवतात, पुट्टीवर तो धरत नाही.

मिस्त्रींनी गॅसची बारीक ज्योत त्या जागी धरली. पंचवीस मिलिमीटरचा एक ठिपका लाल झाला. लोखंड दर अंशाला लाखात सव्वा भागानं वाढतं. सातशे अंशांनी तापलेला एवढा ठिपका ०.२ मिलिमीटर वाढू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. तापून मऊ झालेला असल्यामुळे तो जागच्या जागी जाड होतो. मिस्त्रींनी वर दोन हलके ठोके दिले आणि ओलं फडकं दाबलं. चर्र झालं, वाफ आली. थंड होताना ठिपका आक्रसला आणि जादा लांबी भोवतालातून आपल्यात ओढून घेऊन बसला.

निवल्यावर त्यांनी मला खुणेनं बोलावलं. मी अंगठा दाबला. सोडला. पुन्हा दाबला. आवाज आला नाही. मिस्त्रींनी ब्राऊन पेपर गुंडाळला आणि कोपऱ्यातला दुसरा पत्रा ओढला. बॉनेटचं बूडही गेलंय म्हणाले.