काळ्या कातळाची माती करणारे

महाराष्ट्राचा पाया असलेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांतून घडला. पहारीलाही सहजी दाद न देणारा हा कातळ. तरी त्याच्याच झिजेतून झालेल्या मातीत आज ज्वारी आणि कापूस पिकतो. या झिजेचे श्रेय आपण ऊन-पावसाला देतो. पण सजीवांचा वाटा त्यात फार मोठा आहे.

उघड्या खडकावर आधी दगडफूल येते. गोड्या मसाल्यात पडणारे हे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. बुरशीचे तंतू स्फटिकांमधल्या सूक्ष्म फटींत शिरतात. ओल मिळाली की फुगतात, वाळले की आकसतात, आणि या ओढाताणीत खडकाचे कण सुटे होतात. अनेक दगडफुले ऑक्झॅलिक आम्लही तयार करतात; ते खनिजांतले कॅल्शियम आणि लोह सोडवते. हे काम पृष्ठभागालगतच्या काही मिलिमीटरांत चालते, पण शतकानुशतके चालते.

सुटलेल्या कणांत धूळ आणि कुजका पाला साठला की शेवाळ, गवत, झुडपे येतात. मुळे आणि जिवाणू श्वसनातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे मातीतल्या हवेत तो बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. पाण्यात विरघळून त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि ते बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारची चिकणमाती करते. देशावरच्या कमी पावसात काळी माती उरते. कोकणातल्या धो-धो पावसात सिलिका आणि क्षार वाहून जातात, लोह-ॲल्युमिनियम मागे राहून जांभा तयार होतो. विरघळलेले कॅल्शियम नद्यांवाटे समुद्रात पोहोचते, तिथे शिंपल्यांत आणि पुढे चुनखडकात हवेतला कार्बन दीर्घकाळ कोंडला जातो. गांडुळेही मातीसोबत गिळलेले खनिजकण पोटात घासून बारीक करतात. चार्ल्स डार्विनने 1881 साली त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

जमीन घडवणारी हीच ताकद किल्ल्यांच्या मुळावर येते. पिंपळ-उंबराची फळे खाल्लेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बी तटाच्या सांध्यात पडते. चुन्याच्या दरजेत ओल असते, तिथे ते रुजते. मूळ जाड होत गेले की चिरे सरकतात, फटीत पाणी मुरते आणि एखाद्या पावसाळ्यात बुरूज ढासळतो. वरून झाड तोडले तरी आतल्या मुळातून नवे धुमारे फुटतात.

2025 साली मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या तटावर वीतभर पिंपळ दिसला, तर स्वतः ओढू नका. उपटताना चिराही निखळतो. फोटो काढा, जागा टिपा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. रोप कोवळे असतानाच मुळासकट निघाले, तर बुरूज वाचतो.