थंडी सरता सरता परसबाग सावरूया

ताईंनो, महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते, असं आपण म्हणतो. पण महाबळेश्वर, चिखलदरा, तोरणमाळ अशा उंचावरच्या गावांत तेव्हाही पहाटे अंगावर घोंगडी लागते. मेथी-पालक संपत आलेला असतो आणि नवीन वाफे रिकामे पडलेले असतात. मग एप्रिल-मे महिन्यात भाजी महाग झाली की ताटात नुसती भाकरी आणि चटणी राहते. त्यातही घरात सगळ्यात शेवटी जेवणारी बाईच असते, तिच्या वाट्याला भाजी उरतच नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या भाजीची तयारी आत्ताच करायची.

आधी बी राखा
मेथी, पालक, कोथिंबिरीची सगळी झाडं उपटू नका. चांगली, निरोगी दोन-चार झाडं बियांसाठी राखा. बी पूर्ण वाळलं की राखेत मिसळून मडक्यात किंवा कोरड्या डब्यात झाकून ठेवा. हे गावरान बियांचं झालं. संकरित वाणाचं बी राखलं तर पुढच्या पिढीत झाडं सारखी निघत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरचं गावरान बी जपलं, वाढवलं आणि बायकांना वाटलं. त्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली.

जुनं बी तपासा
डब्यातलं जुनं बी थेट पेरू नका. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा, फडकं सुकू देऊ नका. सात-आठ दिवसांत सात किंवा जास्त बियांना मोड आले तर बी चांगलं. चार-पाचच आले तर दाट पेरा. त्याहून कमी आले तर गटातल्या ताईकडून दुसरं बी मागा.

वाफा तयार करा
वाफा तीन फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि माती तुडवली जात नाही. माती वीतभर खोदून चार-सहा दिवस उन्हात तापू द्या. मग चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण घालू नका, त्याने मुळं जळतात आणि हुमणीही लागते.

थंड मातीत घाई नको
इथेच आपण चुकतो. भोपळा, दोडका, कारलं, काकडी, भेंडी यांना ऊब लागते. गार मातीत बी पडून राहतं आणि कुजतं. मग आपण म्हणतो, बीच खोटं होतं! त्यावर सोपा उपाय आहे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ, पण आचेपासून दूर ठेवा. मोड आले की दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-खत भरून लावा. पिशवीला खाली भोकं पाडायला विसरू नका. दिवसा उन्हात, रात्री पडवीत ठेवा. थंडी ओसरली आणि तीन-चार पानं आली की मातीच्या गोळ्यासकट वाफ्यात लावा. माठ, तांदुळजा ऊब आल्यावर थेट पेरा. महिन्याभरात कापायला येतो. सगळं एकदम पेरू नका. निम्मं आज आणि निम्मं पंधरा दिवसांनी पेरलं, तर भाजी जास्त दिवस मिळते.

पाण्याचं आत्ताच बघा
पुढे हंडाभर पाणीही मोजून वापरावं लागेल. वेलाजवळ मातीचं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळतं. वाफ्यावर सुक्या पाल्याचा बोटभर थर द्या, ओल टिकते. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याला घाला. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका. ते केळीकडे वळवा.

मावा दिसला तर
सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरा. तरी राहिला तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा.

हे सगळं एकटीने ओढू नका. पाणी घालणं मुलांकडे, खोदाई घरच्या पुरुषांकडे द्या. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचं मूठभर बी पुडीत बांधून आणा, वर नाव लिहा. तुमच्याकडे दोडका असेल, शेजारणीकडे काळा घेवडा. वाटून घेतलं की दोघींच्याही वाफ्यात दोन्ही येईल, आणि मे महिन्यात आपल्याही ताटात भाजी असेल.