ड्रायव्हर आतला की बाहेरचा?

वस्तू चालते तोवर टाकायची नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जुन्या साड्यांची गोधडी होते, मोठ्याचं दप्तर धाकट्याकडे जातं. लॅपटॉपचंही तसंच. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं नवा घेतात आणि जुना गावी आई-बाबांकडे येतो. साताऱ्यात आणि सांगलीत सेकंडहँड लॅपटॉप विकणारी दुकानंही आहेत. बचत गटाचा हिशेब, मुलीचे स्पर्धा परीक्षेचे फॉर्म, सुनेचं घरून चालणारं काम, सगळं त्याच एका लॅपटॉपवर.

मैत्रिणींनो, या जुन्या लॅपटॉपांपुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला एक प्रश्न उभा राहिला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिल्या, एवढंच. विंडोज ११ साठी कंपनीनं जे नियम घातले, त्यांत साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बसत नाहीत. मग नवा घ्या, नाहीतर लिनक्स टाका. लिनक्स फुकट, जुन्या यंत्रावर हलकं चालणारं, त्यामुळे कॉलेजातली मुलं 'काकू, मी टाकून देतो' म्हणतात आणि खरंच टाकूनही देतात. आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी काकूंच्या लक्षात येतं, की वायफाय गायब!

आमच्या भागातल्या एका गटाचं असंच झालं. लॅपटॉप सुरू होत होता, मराठी टाइप होत होतं, पण वायफायची खूणच दिसेना. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, 'कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल.' बायका गटाच्या पैशातून खर्च मंजूर करायच्या बेतात होत्या. त्यांच्यातल्याच एकीनं, शिक्षण जेमतेम दहावी, नेमका प्रश्न विचारला. 'काल संध्याकाळपर्यंत चालणारं कार्ड, बरोब्बर सिस्टीम बदलली त्याच रात्री कसं गेलं?'

कार्ड गेलं नव्हतं. त्याचा ड्रायव्हर नव्हता.

ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे, पण काम बरंचसं तेच. लॅपटॉपच्या पोटात वायफायचं एक छोटं कार्ड असतं. त्यावरची चिप कुणाची इंटेलची, कुणाची रिअलटेकची, कुणाची ब्रॉडकॉमची. प्रत्येकीची बोली वेगळी. विंडोज असो की लिनक्स, त्या चिपशी तिच्या बोलीत बोलणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. एका कंपनीच्या मिक्सरवर दुसऱ्या कंपनीचं भांडं बसत नाही, तसा एका चिपचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. हा ड्रायव्हर दोन वाटांनी येतो. एक तर सिस्टीमच्या आतच भरलेला असतो, नाहीतर आपण बाहेरून आणून बसवायचा असतो.

वीस वर्षांपूर्वी निवड करायला वावच नसायचा. आपल्या देशात वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर परवान्याशिवाय वापरायला मोकळी झाली २००५ मध्ये. त्या काळी कार्डाबरोबर सीडी यायची, ती विंडोजची. लिनक्सवाले बिचारे एनडीआयएसरॅपर नावाची युक्ती करून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधायचे. पुढे चित्र बदललं. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचा ड्रायव्हर आत आला. तोही कंपनीच्या मदतीशिवाय, बाहेरच्या लोकांनी चिपची बोली शोधून काढून लिहिलेला. सप्टेंबर २०१० मध्ये त्याच कंपनीनं आपल्या काही नव्या चिपांचा ड्रायव्हर स्वतःहून खुला केला. डेबियन हे लिनक्स तर इतकं सोवळं, की चिपला लागणारं कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर ते आपल्या मुख्य डिस्कवर ठेवतच नसे. त्यांनीही २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या आवृत्तीपासून ते आत घेतलं. म्हणून आज इंटेलचं कार्ड असेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही.

मग आतला बरा की बाहेरचा? हा प्रश्न मुलांना विचारलात तर ती वेगाचं बोलतील. मला वाटतं, आपल्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या अपडेटनंतर हे कोण बघणार?

आतला ड्रायव्हर सिस्टीमबरोबर वाढतो. अपडेट आलं की दोघांचं एकदमच होतं, आपल्याला कळतही नाही. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर लिनक्सच्या ज्या गाभ्यासाठी बांधलेला असतो, त्या गाभ्यापुरताच असतो. गाभा बदलला की तो नव्यानं बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची सोय हे आपोआप करते, पण ती असेल तर. त्यातून लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू करताना निळा पडदा येऊन तोच पासवर्ड मागतो. तो ठेवणारा मुलगा तोवर हॉस्टेलला गेलेला असतो! वर्षातून दोनदा शेजारच्या पोराची मनधरणी करायची, किंवा दुकानात पैसे मोजायचे. गटाच्या अध्यक्षबाईंना आपल्याच लॅपटॉपसाठी कुणाची वाट बघत बसावं लागू नये, म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आतल्या ड्रायव्हरवर काम भागत असेल तर त्याला हात लावू नका. थोडा वेग कमी मिळाला तरी चालेल.

पण कधी कधी बाहेरचा घ्यावाच लागतो. त्या गटाच्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप निघाली, आतला ड्रायव्हर तिला ओळखेना. अशा वेळी इंटरनेटवर कुठलीतरी फाइल शोधत फिरू नये. लिनक्स मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' असतो, तो काय सुचवतो ते आधी बघावं. तिथून घेतलेला ड्रायव्हर बाहेरचा असला तरी मिंटवाल्यांच्या हाताखालचा असतो, अपडेटला ते त्याच्याकडे बघतात. या चिपसाठीचा 'डब्ल्यूएल' नावाचा ड्रायव्हर ब्रॉडकॉमनं २०१५ नंतर नवा दिलेलाच नाही, पुढचं सगळं लिनक्सवाल्यांनी लावलेल्या ठिगळांवर चाललंय. कार्ड पाच गिगाहर्ट्झचं नसेल, तर मात्र कुठलाही ड्रायव्हर आणला तरी राउटरचं ते नाव दिसणार नाही. तो दोष ड्रायव्हरचा नव्हे.

आता गंमत अशी, की वायफायचा ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला वायफाय. इथं हातातला फोन कामी येतो. अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' आहे ते चालू करा. लॅपटॉपला ते तारेचं इंटरनेट वाटतं, वायफायचा ड्रायव्हर लागतच नाही. केबल मात्र डेटावाली हवी, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. मोठ्या यंत्राचं काम फोनवर भागवणं आपल्या भागाला नवं नाही. वारणेच्या खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये संगणकांची योजना आली होती. पुढे २००६ च्या सुमारास तिथल्याच सात गावांत, ऊस शेतकऱ्यांना संगणकावर मिळणारी माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर मिळते का, हे आठ महिने करून पाहिलं गेलं होतं. गटाच्या बायकांनीही सूनबाईच्या फोनवरून ड्रायव्हर घेतला. नवं कार्ड लागलं नाही. चिपचं नाव, ड्रायव्हरचं नाव आणि तो पासवर्ड त्यांनी गटाच्या रजिस्टरात लिहून ठेवला, हे मला फार आवडलं.

ज्यांचं लिनक्स टाकायचं अजून ठरतंय, त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावं. लॅपटॉपमधल्या कशालाही धक्का न लावता ते तसंच सुरू होतं. त्यात वायफाय दिसलं, म्हणजे आतला ड्रायव्हर आहे. दिसलं नाही, तर विंडोज पुसायच्या आधीच कळलं! (जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचं एक छोटं बटणही असतं. ते बंद नाही ना, हेही बघा. हसू नका, होतं असं.)

विंडोजवाल्यांनाही हेच लागू आहे. विंडोज आपला ड्रायव्हर आपण आणतं. वायफाय सारखं तुटत असेल, तरच लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर घालून तिथला घ्या. 'तुमचे १७ ड्रायव्हर जुने झालेत' म्हणून घाबरवणारे प्रोग्रॅम अजिबात घेऊ नका. एखाद्या अपडेटनंतर बिघडलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरवर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करता येतं.

आणि कुणी यूएसबीचं वायफाय, म्हणजे डोंगल, घ्या म्हणालं तर? घ्या, पण खोक्यावर 'लिनक्स' लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ, ड्रायव्हर सीडीत आहे आणि तुमचा तुम्ही बांधून घ्या, असा असतो. तोही जुन्या लिनक्ससाठीचा. लॅपटॉपला सीडीचा कप्पा नसतो ते वेगळंच. शिवाय एकाच नावाच्या खोक्यात चिप बदलते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. नाव तेच, ड्रायव्हर निराळा. म्हणून खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा बघा, दुकानातच आपल्या लॅपटॉपला लावून बघा, आणि लागलं तरच पैसे द्या.