Explained : 'अँड्रिया डोरिया'ला धडकलेले जहाज ७२ वर्षे कसे टिकले?

'अँड्रिया डोरिया' हे इटालियन जहाज १९५६ मध्ये बुडाले. त्याला धडकलेले स्वीडनचे 'स्टॉकहोम' मात्र २०२० पर्यंत प्रवासी नेत होते. २०२५ मध्ये ते बेल्जियममधील गेंट येथे भंगारात गेले.

त्या रात्री काय झाले?
२५ जुलै १९५६. अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ दाट धुके होते. दोन्ही जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिले, तरीही दिशेचा अंदाज चुकला. 'स्टॉकहोम'चे टोक 'डोरिया'च्या बाजूत घुसले. ५१ जणांचा मृत्यू झाला. 'डोरिया'वर झोपलेली १४ वर्षांची मुलगी 'स्टॉकहोम'च्या चुरडलेल्या टोकावर जिवंत सापडली.

'स्टॉकहोम' का बुडाले नाही?
बर्फाळ समुद्रासाठी त्याचे टोक मजबूत केले होते. ते चुरडले, पण मागची जलरोधक भिंत टिकली. 'डोरिया'वरील ५०० हून अधिक जणांना घेऊन ते न्यूयॉर्कला परतले. तिथे त्याला नवे टोक बसवले गेले.

पुढे काय झाले?
- १९६० : पूर्व जर्मनीने विकत घेतले. कामगारांच्या सुट्टीच्या सहलींसाठी वापर.
- १९८० चे दशक : ऑस्लोमध्ये आश्रय मागणाऱ्यांचे तात्पुरते घर.
- १९९४ : इटलीत जवळपास सांगाड्यापर्यंत मोकळे करून नवी इंजिने, नव्या केबिन. नाव 'इटालिया प्रिमा'.
- २०१६ : शेवटचे नाव 'अस्टोरिया'.

मग जुने काय उरले होते?
१९४६ मध्ये गोटेबर्ग येथे पाण्यात उतरवलेला पोलादी सांगाडा. २०२० मध्ये कोविडमुळे सहली थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.