भीतीच्या घडीला ख्रिस्ती प्रार्थना

ख्रिस्ती परंपरेत भीती ही देवापासून लपवायची गोष्ट मानलेली नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. शत्रूंनी घेरलेला, आजाराने खंगलेला, आप्तांनी टाकलेला माणूस त्यांत देवापुढे गाऱ्हाणे मांडतो. या स्तोत्रांची घडण बहुधा ठरलेली असते : आधी देवाला हाक, मग दुःखाचे स्पष्ट वर्णन, त्यानंतर मागणे आणि अखेरीस विश्वासाचा किंवा स्तुतीचा सूर. मनात घोंघावणारी धास्ती शब्दांत उतरली की तिला आकार येतो आणि ती कोणीतरी ऐकत आहे या विश्वासाने माणूस सावरू लागतो. मात्र शेवटी दिलासा आलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. ८८वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तरीही ते शास्त्रात जपले गेले, कारण ज्याला अजून धीर आलेला नाही, त्याचे बोलणेही प्रार्थनाच असते.

नव्या करारात याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द येशूचे आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो अतिशय व्याकूळ झाला होता. पेत्र, याकोब आणि योहान या तीन शिष्यांना त्याने आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार तीन वेळा तीच प्रार्थना केली. समोर आलेले दुःख टळावे असे मागणे त्याने आधी मोकळेपणाने मांडले आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवली. मागणे आणि समर्पण या दोन्ही गोष्टी या प्रार्थनेत एकत्र आहेत. दुसऱ्या दिवशीचा क्रूस टळला नाही, पण बागेतून उठलेला येशू स्थिर पावलांनी पकडायला आलेल्यांना सामोरा गेला. भीती वाटणे म्हणजे विश्वास कमी असणे, हा समज या प्रसंगापुढे टिकत नाही.

रोजच्या चिंतेबद्दलची शिकवण डोंगरावरील प्रवचनात येते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आहे आणि उद्याची चिंता करू नका हा उपदेशही त्याच अध्यायात आहे. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. चिंताग्रस्त मन पुढच्या अनेक वर्षांची संकटे एकाच रात्री भोगत असते; ही प्रार्थना त्याला आजच्या दिवसावर परत आणते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल चिंतेवर उपाय सांगताना विनंतीला आभाराची जोड देतो. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले, त्यामुळे त्याच्या शब्दांना अनुभवाचे वजन आहे.

पुढच्या शतकांत या शिकवणीतून प्रार्थनेच्या निरनिराळ्या पद्धती घडल्या. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी इव्हाग्रियस याने मनाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार केले आणि प्रत्येक प्रकाराला उत्तर म्हणून बायबलमधील वचने गोळा केली. त्रासदायक विचार आला की त्याच्याशी वाद घालत बसण्याऐवजी त्याला नेमक्या वचनाने उत्तर द्यायचे, ही त्याची पद्धत. त्याच परंपरेतल्या जॉन कॅसियनने ७०व्या स्तोत्रातील मदतीची एकच छोटी हाक दिवसभर, प्रत्येक प्रसंगी म्हणत राहण्याचा सल्ला दिला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत येशूच्या नावाने दयेची याचना करणारे एकच वाक्य श्वासाच्या लयीत म्हटले जाते. ग्रीसमधील माउंट ॲथोसच्या मठांत या साधनेची विशेष जोपासना झाली. कॅथलिक घरांत हेच काम जपमाळ करते. घाबरलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. पाठ असलेली प्रार्थना अशा वेळी आपसूक ओठांवर येते.

अशा पुनरुक्तीचा शरीरावर होणारा परिणाम मोजलाही गेला आहे. इटलीतील ल्युचिआनो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेत जपमाळेची प्रार्थना म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते आणि हृदयाची लय व रक्तदाब यांचा मेळ सुधारतो, असे त्यात दिसले. ‘ओम मणि पद्मे हूं’ या मंत्राचाही तसाच परिणाम आढळला. म्हणजे शरीराला मिळणारी ही शांतता कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. ख्रिस्ती भाविक मात्र प्रार्थनेचे सार श्वासात नव्हे, तर देवाशी असलेल्या नात्यात शोधतो.

हे नाते प्रत्यक्ष धोक्यात काय देते, हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यातून कळते. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार सुरू होता आणि किंग त्याचे नेते होते. जानेवारी १९५६च्या अखेरीस एका रात्री फोनवर धमकी आली. पत्नी आणि तान्ही मुलगी झोपलेल्या होत्या. किंग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि आपण घाबरलो आहोत, आपले बळ संपले आहे, हे त्यांनी देवाला उघडपणे सांगितले. न्यायासाठी उभा राहा, असा आतला आवाज तेव्हा ऐकू आल्याचे त्यांनी पुढे लिहिले. काही दिवसांतच, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घरातले सगळे बचावले. बाहेर जमलेल्या संतप्त जमावाला किंग यांनी शांत राहायला सांगितले. प्रार्थनेने धोका टळला नव्हता. धोक्यासमोर उभे राहण्याचे बळ मिळाले होते.

भीती एकट्याला अधिक ग्रासते, म्हणून ख्रिस्ती उपासनेत सामुदायिक प्रार्थनेला मोठे स्थान आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा जुन्या गावठाणांत ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले आणि लोक तिथे जमून संरक्षणाची याचना करत. त्यांतले काही क्रूस आजही उभे आहेत. दुसऱ्यासाठी केलेली मध्यस्थीची प्रार्थनाही याच सामुदायिकतेतून येते : ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याच्या वतीने मंडळी बोलते.

प्रत्येक प्रकारची प्रार्थना सारखीच उपकारक ठरते असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटात लोक धर्माचा आधार कसा घेतात याचा दीर्घ अभ्यास केला. सारे देवावर सोडून स्वस्थ बसणारे, सगळा भार स्वतःच उचलणारे आणि देवाला सोबत घेऊन प्रयत्न करणारे, असे तीन प्रकार त्यांनी मांडले. तिसरा मार्ग सहसा अधिक हितकर दिसतो. उलट, हे संकट म्हणजे देवाने केलेली शिक्षाच आहे, असे मानणाऱ्यांची घालमेल वाढते.

म्हणूनच चिंतेने आजारी पडलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणे क्रूर आहे आणि ख्रिस्ती शिकवणीला धरूनही नाही. कॅथलिक बायबलमधील बेनसिराच्या ग्रंथात प्रार्थना करायला सांगितले आहे आणि वैद्याला मान द्यायलाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेले मिशन रुग्णालय याच विचारातून उभे राहिले. छातीत सतत धडधड, अनेक आठवडे उडालेली झोप, कामात लक्ष न लागणे किंवा जीव नकोसा वाटणे ही लक्षणे असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी मोफत उपलब्ध आहे. प्रार्थना चालू ठेवावी, औषधही घ्यावे आणि भीती वाटते हे सांगण्यात कमीपणा मानू नये.