कुठे पिन, कुठे नुसती सही

अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवण आटोपलं की वेटर ग्राहकाचं कार्ड घेऊन आत जातो आणि पावती आणून देतो. ग्राहक तिच्यावर टिपची रक्कम लिहून सही करतो. पिन कोणी विचारत नाही. पुण्याहून मुलाकडे गेलेल्या आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, कारण कार्ड नजरेआड होऊ द्यायचं नाही हे भारतात अंगवळणी पडलेलं आहे.

अमेरिकी बँका बेफिकीर आहेत, असं मात्र नाही. चोरी झाली तर भुर्दंड कोणाला, यावर सगळं ठरतं. तिथल्या कायद्यानुसार क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाल्यास ग्राहकावर फार तर ५० डॉलरचा बोजा पडतो. ग्राहकच निर्धास्त, मग पिनची घाई कोणाला?

फ्रान्सची गोष्ट वेगळी. प्रत्येक व्यवहारासाठी बँकेला फोन लावणं तिथे महाग पडे. म्हणून पिन दुकानातच तपासता येईल अशी चिप फ्रेंच बँकांनी १९९२ अखेरपर्यंत आपल्या कार्डांवर बसवली. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २००६ पासून पिन सक्तीचा झाला. अमेरिका तेव्हाही चुंबकीय पट्टीवरच होती. २०१३च्या अखेरीस ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. ऑक्टोबर २०१५ पासून कार्ड कंपन्यांनी नियम बदलला: चिप वाचणारं यंत्र नसेल, तर बनावट कार्डाचं नुकसान दुकानदाराने सोसायचं. मग यंत्रं भराभर आली. पिन तरीही आला नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीला जादा पडताळणी सक्तीची केली. पुढे ओटीपी घरोघरी पोचला तो त्यातूनच. परदेशी गेटवेमार्फत ओटीपीविना पैसे घेणाऱ्या उबरलाही २०१४मध्ये आपली पद्धत बदलावी लागली. परदेशी संकेतस्थळांवर मात्र भारतीय कार्ड ओटीपीशिवाय चालू शकतं. मार्च २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बंदच ठेवले जातात, ही म्हणूनच मोलाची तरतूद आहे.

भारतीय व्यवस्थेची खरी कठोर बाजू वेगळीच आहे. फसवणुकीत ग्राहकाचा दोष नसेल आणि त्याने तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमाने त्याची जबाबदारी शून्य. पण भुलवून काढून घेतलेला ओटीपी हा ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरवला गेला, की बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. फोनवरच्या सराईत भामट्यापुढे गोंधळलेल्या सत्तरीतल्या माणसाला हा न्याय फार जड जातो.