एकच पुस्तक, एकाच दिवशी

आम्ही अंध आणि अल्पदृष्टी वाचकांचा एक ऑनलाइन वाचनगट चालवतो. दर महिन्याला एक मराठी पुस्तक घ्यायचं, सगळ्यांनी ते वाचायचं आणि शेवटच्या रविवारी झूमवर जमून त्याबद्दल बोलायचं, इतकाच आमचा उद्योग. आमच्यात डोळस कार्यकर्तेही आहेत. पुस्तकं निवडता कशी, असं आयोजकांनी आम्हाला विचारलं होतं. खरं सांगायचं तर निवड हा सगळ्यात सोपा भाग. निवडलेलं पुस्तक सगळ्यांपर्यंत एकाच वेळी, वाचता येईल अशा रूपात पोचवणं हे खरं काम, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमची पहिली बैठक साफ फसली. पुस्तक होतं 'श्यामची आई'. १९३५ सालचं, घरोघर माहीत असलेलं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणजे कायद्याचीही अडचण नाही. आम्ही सगळ्यांना सांगितलं, मिळेल तिथून मिळवा आणि वाचा. झालं काय, की एकाने कुठलंसं ध्वनिमुद्रण ऐकलं. एका काकांना सुनेने वाचून दाखवलं, पण घरात होती ती मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती. एका बाईंकडे ब्रेल प्रत होती. आणि एक सदस्य अत्र्यांचा १९५३चा सिनेमा आठवून बोलत होते, हे त्यांनी पुढे बऱ्याच दिवसांनी कबूल केलं! एका प्रसंगावर अर्धा तास जोरदार चर्चा झाली. शेवटी काका म्हणाले, "अहो ताई, माझ्या पुस्तकात हे नाहीच हो."

तेव्हा लक्षात आलं, की आधी पुस्तक एक पाहिजे, मग मतं वेगळी असू द्या.

मग आम्ही फाईली मिळवायला लागलो. इथे डोळस माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागते. स्क्रीन रीडर, म्हणजे फोनवरचं टॉकबॅक किंवा संगणकावरचं एनव्हीडीए, पानाकडे बघत नाही. फाईलच्या आत जे साठवलंय ते तो बोलतो. मराठी छपाईत वर्षानुवर्षं असे फॉन्ट वापरले गेले, की ज्यांत 'क'चं चित्र कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेलं असतं. डोळ्याला क दिसतो. आत मात्र क नसतोच. अशी पीडीएफ उघडली की सुंदर मराठी कादंबरीच्या जागी डॉलर, कंस, टक्के असलं काहीतरी ऐकू येतं. आणि स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ती नुसती पानांची छायाचित्रं. तिथे वाचायला काहीच नसतं. युनिकोडमध्ये अक्षर हे अक्षर म्हणूनच साठवलं जातं, म्हणून आम्ही सारखं युनिकोड, युनिकोड करत असतो.

फाईल नसेल तर छापील पुस्तक विकत आणून स्कॅन करायचं आणि ओसीआर लावायचं, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखून घ्यायची. मराठी ओसीआर आता पुष्कळ सुधारलंय. तरी ख फुटून 'रव' होतो, घ चा ध होतो, भ चा म होतो. 'रवाली बसला' हे कुणीही पकडेल. पण 'भात'चा 'मात' झाला, 'घर'चं 'धर' झालं, तर ते शब्द मराठीत आहेतच, मग शुद्धलेखन तपासणारं साधन गप्प बसतं. 'श्यामची आई'च्या आमच्या पहिल्या फाईलमध्ये श्यामचा धाकटा भाऊ एका जागी 'धाकटा माऊ' झाला होता. अजूनही गटात कुणाच्या भावाचा विषय निघाला की माऊ कसा आहे म्हणून विचारतात.

म्हणून आम्ही मुद्रितशोधन दोनदा करतो. एकदा डोळ्याने, एकदा कानाने. सवयीचा शब्द दिसला की डोळा पुढे सरकतो, कान तिथे अडखळतो. उलट 'दिन' आणि 'दीन' यंत्राच्या आवाजात कानाला जवळजवळ सारखेच, तिथे डोळाच लागतो. दोनशे पानांच्या पुस्तकाला आमचे तीन आठवडे जातात, रोज संध्याकाळी दोन माणसं. नंतर प्रत्येक प्रकरणाच्या नावाला शीर्षकाची खूण द्यायची. 'श्यामची आई'त प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत. खुणा दिल्यावर एनव्हीडीएमध्ये 'एच' दाबत गेलं की एकेक रात्र पुढे सरकते. चर्चेत कुणी म्हणालं, सातव्या रात्रीत बघा, तर सगळे काही सेकंदांत तिथे पोचतात. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. तीन तासांच्या ध्वनिमुद्रणात एक वाक्य शोधून बघा.

आता लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला, चांगल्या आवाजात कुणी वाचून दिलं तर काय वाईट? वाईट काहीच नाही, आमच्यातल्या निम्म्यांना तेच आवडतं. पण लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेतलं तेव्हा यावरून वाद झाला. लक्ष्मीबाई विनोद करतात तो अगदी सरळ चेहऱ्याने. ज्या ताईंनी ते वाचून ध्वनिमुद्रित केलं होतं, त्या विनोदाच्या जागी स्वतःच किंचित हसल्या होत्या. एक सदस्य म्हणाल्या, "कुठे हसायचं ते मला ठरवू द्या ना. माझं यंत्र कोरडं वाचतं, म्हणून मला ते परवडतं." आम्हाला हे पटतं. पण वयाच्या साठीत दृष्टी गेलेल्या माणसाला यंत्राचा आवाज सहन होत नाही, हेही तितकंच खरं आहे, म्हणून आम्ही शक्य तिथे दोन्ही देतो.

ब्रेलबद्दलही सांगितलं पाहिजे. आपल्या भाषांसाठीचं भारती ब्रेल १९५१ सालापासून आहे. सहा टिंबांचा खेळ. छापील 'कि'मध्ये वेलांटी क च्या आधी काढतात, ब्रेलमध्ये ती क च्या नंतर येते, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. जाडजूड खंड होतात, महाग पडतं, तरुण मुलं फोनकडे वळली आहेत. पण आमच्यातली एक मुलगी एम.ए. झाली ती पूर्ण ऐकून. परीक्षेत उत्तरं लिहायला लेखनिक. नोकरी लागली, स्वतः ईमेल टाइप करायची वेळ आली, आणि तिने साहेबांना 'आर्शीवाद' लिहिलं. ती म्हणाली, "हा शब्द मी हजारदा ऐकलाय, पण मला तो कधी भेटलाच नव्हता." आमच्या ब्रेलवाल्या बाईंना असला प्रश्न पडत नाही, त्यांच्या बोटांनी प्रत्येक रफार मोजलेला असतो. ती मुलगी आता फाईल अक्षर-अक्षर वाचते, बाण दाबत. वेळ लागतो. ऐकणं म्हणजे वाचणं का, या प्रश्नावर आमच्यात एकमत नाही आणि आम्हाला ते घाईने करायचंही नाही.

कायदा थोडक्यात. २०१२च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार अपंग व्यक्तीच्या वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला परवानगी लागत नाही. मान्यताप्राप्त संस्था आणि ग्रंथालयंही नफा न घेता हे करू शकतात, फक्त ती प्रत बाजारात जाणार नाही हे त्यांनी पाहायचं. अशाच सवलती देशोदेशी मिळाव्यात म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ मात्र आम्ही गटात टाकू देत नाही. एक तर चोरीच्या, वर नुसते फोटो.

कायदा आहे, पण कायद्याने वेळ वाचत नाही. आमच्या गटातले बँकेतून निवृत्त झालेले एक काका नेहमी म्हणायचे, की प्रकाशनाची बातमी आज येते, पुस्तक माझ्यापर्यंत येतं दोन वर्षांनी. तोवर ज्यांच्याशी बोलायचं ते लोक ते विसरलेले असतात. म्हणून आम्ही प्रकाशकांना पत्रं लिहितो, की छपाईला जाणारी युनिकोड फाईल आम्हाला द्या. बहुतेक उत्तर देत नाहीत. फाईल फुटेल ही त्यांची भीती समजण्यासारखी आहे, फक्त फुटलेल्या प्रती आम्हाला जिथे दिसतात तिथे त्या छापील पानांच्या फोटोंच्याच असतात.

गेल्या वर्षी एका छोट्या प्रकाशकाने होकार दिला. कादंबरी दुकानात आली त्याच दिवशी सकाळी फाईल गटात आली. काकांनी रात्री दोनपर्यंत ती संपवली आणि सकाळी उठून तिघांना फोन करून शेवट सांगून टाकला. त्या रविवारी पहिला अर्धा तास पुस्तकावर चर्चा झालीच नाही. सगळे काकांशी भांडत होते.